एका रांगेतील तीन खुर्च्या
(अभ्यास-लेख)

'कंडक्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.मध्ये तिकिटे देणारा कंडक्टर उभा राहतो. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका निराळ्या कंडक्टरची ओळख करून देणार आहोत. पाश्चात्त्य संगीतात ऐंशी-शंभर वादक एकत्र बसून वाजवितात. त्यांच्यासमोर उभे राहून हाताने व छोट्या छडीने लय दाखविणारा, कोणी केव्हा थांबावे व कोणी केव्हा पुढे यावे हे सांगणारा जो असतो तो वाद्यवृंद-संचालक, म्हणजेच कंडक्टर होय. विशेष असे की, एवढ्या मोठ्या मैफलीत तो स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही. इतरांना एकमेकांचे ऐकावयास लावणे, हेच त्याचे काम.

गिल्बर्ट लेव्हाइन या अमेरिकन ज्यू संचालकाने हे काम वाद्यांपुरते न ठेवता धर्माधर्मांमध्ये केले. ते त्यांनी कसे केले आणि संगीताने किती साधते, याचा आपण क्रमाने विचार करू.

१) क्राकोव्ह शहर

लेव्हाइन यांचा जन्म १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. १९८७ साली पोलंडमधील क्राकोव्ह फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे ते प्रमुख झाले. त्या वेळी पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती. अशा देशातील मोठ्या वाद्यवृंदाच्या प्रमुखपदी अमेरिकन माणूस येणे ही नवलाचीच गोष्ट होती.

परंतु लेव्हाइन यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ नोकरीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी क्राकोव्हमध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते. शहरातील जवळजवळ चौथा माणूस ज्यू होता. लेव्हाइन तेथे पोहोचले तेव्हा काही शेकडाच उरले होते. आउशवित्झची छळछावणी या शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तेथे नाझींनी सुमारे अकरा लाख माणसे मारली. त्यांपैकी सुमारे दहा लाख ज्यू होते. लेव्हाइन यांच्या सासूबाई त्याच छावणीतून जिवंत बाहेर आलेल्या. म्हणजे ज्या भूमीवर आपल्या माणसांची राख पडली, त्या भूमीवर हा माणूस संगीत शिकवावयास गेला होता.

याच क्राकोव्हचे पूर्वीचे आर्चबिशप त्या वेळी पोप होते. ते पोप जॉन पॉल दुसरे. त्यांचे बालपण वाडोवित्से या गावात ज्यू सवंगड्यांबरोबर गेले होते. १९८६ साली रोममधील ज्यू प्रार्थनामंदिरास भेट देऊन त्यांनी नवा पायंडा पाडला होता. आपल्या जुन्या शहरात एक ज्यू संचालक आला आहे हे कळल्यावर त्यांची व लेव्हाइन यांची १९८८ साली व्हॅटिकनमध्ये भेट झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पोपपदाला दहा वर्षे झाल्यानिमित्तच्या मैफलीचे संचालन लेव्हाइन यांनी केले. हा स्नेह पुढे २००५ साली पोपच्या निधनापर्यंत टिकला.

२) ७ एप्रिल १९९४

या दिवसाचे महत्त्व कळण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल. १५५५ साली त्या वेळच्या पोपच्या फर्मानाने रोममधील ज्यूंना तटबंदीच्या वस्तीत कोंडण्यात आले. घरदार, जमीन विकत घेण्यास त्यांना मनाई झाली. लांबून ओळखू यावे म्हणून पुरुषांच्या डोक्यावर पिवळी टोपी सक्तीची झाली. ही कोंडवाड्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. पुढे १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी त्याच रोममधून हजारांवर ज्यूंना पकडून आउशवित्झला पाठविले. परत आले ते केवळ सोळा. व्हॅटिकन तेथून हाकेच्या अंतरावर होते. त्या काळात चर्चने उघडपणे काय केले व काय केले नाही, यावर आजही वाद आहे.

अशा रोममध्ये, व्हॅटिकनच्या सभागृहात, हत्याकांडात बळी गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ लेव्हाइन यांनी मैफल केली. लंडनचा रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद वाजविण्यासाठी आला होता. छळछावण्यांतून वाचलेली माणसे श्रोत्यांत होती. साठ लाखांची खूण म्हणून सहा मेणबत्त्या पेटविण्यात आल्या. पोप, रोमचे प्रमुख रब्बी एलिओ तोआफ व इटलीचे राष्ट्राध्यक्ष स्काल्फारो हे तिघे शेजारी शेजारी, अगदी एकसारख्या खुर्च्यांवर बसले.

वाचकहो, खुर्ची ही किरकोळ बाब वाटेल. पण कोणी कोठे बसावे यावरून पिढ्यान्पिढ्या अपमान सोसलेल्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या पूर्वजांना पोपच्या आज्ञेने पिवळी टोपी घालावी लागली, त्यांचा धर्मगुरू त्या दिवशी पोपच्या बरोबरीने बसला.

संगीताची निवडही विचारपूर्वक होती. माक्स ब्रुख हा ख्रिस्ती संगीतकार. त्याने ज्यूंच्या 'कोल निद्रे' या प्रार्थनेच्या चालीवर रचलेली चेलोची रचना येथे वाजविली गेली. लेनर्ड बर्नस्टाइन या ज्यू संगीतकाराच्या रचनेतील हिब्रू स्तोत्रे व्हॅटिकनच्या गायकांनी गायिली. मृतांसाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही ज्यू प्रार्थनाही त्या सभागृहात म्हटली गेली. म्हणजेच एकाचे दुःख दुसऱ्याच्या घरात, पहिल्याच्याच भाषेत उच्चारले गेले. त्याच वर्षी पोपनी लेव्हाइन यांना 'नाइट कमांडर' हा मान दिला. त्यासाठी लेव्हाइन यांना स्वतःचा धर्म सोडावा लागला नाही, हे लक्षात ठेवावे.

३) १७ जानेवारी २००४

दहा वर्षांनी पुन्हा त्याच सभागृहात मैफल झाली. इराकमध्ये युद्ध होऊन वर्षही उलटले नव्हते. या वेळी ज्यू व ख्रिस्ती यांच्याबरोबर मुस्लिमांनाही बोलाविण्यात आले. अमेरिकेचा पिट्सबर्ग सिंफनी वाद्यवृंद आला. गायकवृंद क्राकोव्ह, लंडन, पिट्सबर्ग आणि तुर्कस्तानातील अंकारा येथून आले. श्रोत्यांत रब्बी होते, रोमच्या मशिदीचे इमाम होते. तिन्ही धर्म ज्याला पूर्वज मानतात त्या अब्राहमवर जॉन हार्बिसन यांनी नवी रचना करून दिली होती.

मुख्य रचना गुस्ताव माहलरची दुसरी सिंफनी, 'पुनरुत्थान' ही होती. माहलर जन्माने ज्यू. व्हिएन्नाच्या दरबारी संगीतगृहाचे प्रमुखपद ज्यूला मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते, म्हणून १८९७ साली त्याने कॅथॉलिक धर्म स्वीकारला. पद मिळावे म्हणून ज्याला आपली ओळख बदलावी लागली, त्याचे संगीत शंभर वर्षांनी पोपसमोर एका ज्यू संचालकाने सादर केले.

४) संगीताच्या मर्यादा

हे सर्व वाचून भारावून जाणे सोपे आहे. परंतु अभ्यासकाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मैफलीने मेलेले परत येत नाहीत. १९९८ साली चर्चने हत्याकांडाविषयी निवेदन काढले, तेव्हा त्यात चर्चच्या स्वतःच्या जबाबदारीचा उल्लेख पुरेसा नाही म्हणून अनेक ज्यू नाराजच राहिले. २००४ च्या मैफलीनंतरही पश्चिम आशियातील रक्तपात थांबलेला नाही.

आपल्याकडचेही उदाहरण घेऊ. मुंबईत जन्मलेले जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांनी ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत मैफल केली. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. पण प्रवेश निमंत्रितांनाच होता. आमच्या वेदनेचे काय, असे विचारीत काही काश्मिरी नागरिकांनी त्याच दिवशी शहरात आपला वेगळा कार्यक्रम केला. संगीत उत्तमच होते, पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्यापैकी अनेकांना बसावयास जागा नव्हती.

५) बोध

यावरून आम्हाला असे वाटते की, समेट म्हणजे 'झाले गेले विसरून जा' असे दुखावलेल्याला सांगणे नव्हे. १९९४ च्या मैफलीचे मोल तिच्या सुरांत जेवढे होते, तेवढेच तीन गोष्टींत होते. झालेल्या अत्याचाराचे नाव उघडपणे घेतले गेले. ज्यांनी तो सोसला ते समोर हजर होते. आणि त्यांना बरोबरीची खुर्ची मिळाली. या तीन गोष्टी नसतील तर उत्तम संगीतही केवळ करमणूक ठरते. त्या असतील तर संगीत एक असे काम करते जे भाषणाने होत नाही: ते दोन्ही बाजूंना काही वेळ एकत्र गप्प बसवून ऐकावयास लावते. न्यायाची वाट तेथे संपत नाही, पण सुरू होऊ शकते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १५५५ चे फर्मान आणि १९९४ मधील तीन खुर्च्या यांचा संबंध आपल्या शब्दांत लिहा.
२. लेव्हाइन यांचा सन्मान आणि माहलरचे धर्मांतर यांत कोणता फरक दिसतो?
३. आपल्या गावात वा वस्तीत सर्वधर्मीय कार्यक्रम होतो तेव्हा कोणाला बोलाविले जाते, कोणाला नाही आणि कोण कोठे बसते, याची नोंद करून गटात चर्चा करा.