हप्ता बँकेचा, हिशोब घनमीटरचा

(तळेगाव-चाकण पट्ट्यात सात-आठ मजली इमारतींची आरसीसी कामं घेणारा एक तरुण ठेकेदार आणि यंत्रसामग्रीच्या कर्जाचे अर्ज तपासण्यात नोकरीची बरीच वर्षं घालवलेली त्याची आत्या यांच्यातला हा संवाद. यातले किमती-भाड्याचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्या भागातले भाव घालून गणित पुन्हा मांडावं.)

भाचा : आत्या, काँक्रीट पंप घ्यायचं जवळजवळ नक्की केलंय. कोटेशन आलंय, फायनान्सवालाही तयार आहे. तू फक्त कागद बघून दे.

आत्या : कागद नंतर बघू. आधी सांग, पंप कशाला हवाय?

भाचा : भाड्याच्या पंपाने जीव नकोसा केलाय. सकाळी सातला येतो म्हणतात आणि अकराला उगवतात. तोवर गेटवर ट्रान्झिट मिक्सरची रांग लागते. माल घट्ट व्हायला लागला की ड्रायव्हर पाणी मारायला बघतो.

आत्या : आणि तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत ओतलं पाहिजे, असं आयएस ४९२६ हे आपलं मानकच सांगतं. म्हणजे तुझी अडचण खरी आहे. पण ती वेळेची आहे, आणि उत्तर तू कर्जात शोधतोयस. ते बरोबरही असेल, पण तपासून बघू. कुठला पंप? बूम प्लेसर की लाईन पंप?

भाचा : लाईन पंप. ट्रकवरच्या बूमची किंमत आपल्याला झेपणारी नाही. आणि आमच्या साईटच्या गल्ल्यांत त्याला पाय पसरून उभं राहायला जागाही मिळत नाही.

आत्या : शहाणा आहेस. कर्जाच्या दृष्टीनेही या दोन वेगळ्या वस्तू. बूम प्लेसर हे वाहन. त्याची आरटीओत नोंद होते, आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ भरून तो उतरवावा लागतो. ओढून न्यायच्या लाईन पंपाला सहसा अशी आरसी नसते. तिथे फायनान्सवाला बघतो ते मूळ बिल, यंत्राचा क्रमांक आणि कंपनीचं नाव.

भाचा : कंपनीच्या नावाने त्याला काय फरक पडतो?

आत्या : तुझे हप्ते थकले तर यंत्र विकून किती पैसे हाती येतील, याचा अंदाज तो पहिल्या दिवशीच बांधतो. जुन्या बाजारात ज्या पंपाला गिऱ्हाईक आहे, ज्याचे पार्ट मिळतात, त्याला तो जास्त रक्कम देतो. पुट्झमायस्टरचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, सानीचा तुझ्या चाकणला, श्विंग स्टेटर चेन्नईकडची. सर्व्हिसचा माणूस किती तासांत येतो हे तुझ्याइतकंच फायनान्सवाल्यालाही महत्त्वाचं. आता कोटेशन वाच.

भाचा : पाइपलाइन, बेंड, क्लॅम्प धरून ४० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ लाख २० हजार. एकूण ४७ लाख २० हजार. फायनान्सवाला ८० टक्के देतोय. म्हणजे मला साडेनऊ लाखांच्या आसपास उभे करायचेत.

आत्या : ८० टक्के कशाचे? त्याचं पत्र नीट वाच.

भाचा : ‘मूळ किमतीच्या’ असं लिहिलंय.

आत्या : म्हणजे ४० लाखांच्या. कर्ज ३२ लाख. तुझ्या खिशातून मार्जिनचे ८ लाख आणि जीएसटीचे ७ लाख २० हजार. एकूण १५ लाख २० हजार. साडेनऊ नव्हे.

भाचा : पण जीएसटीचं क्रेडिट मिळतंच की.

आत्या : मिळतं, पण रोख मिळत नाही. बिल्डरला तू जे बिल लावतोस, त्यावरच्या करातून ते वळतं होतं. सिमेंट-स्टीलचं क्रेडिट वजा जाऊन महिन्याला तुला किती जीएसटी रोख भरावा लागतो?

भाचा : सरासरी नव्वद हजार.

आत्या : मग ७ लाख २० हजार वळते व्हायला आठ महिने. तोवर ती रक्कम अडकून पडणार आणि इकडे हप्ते सुरू झालेले असणार. मुकादमाचा पगार आणि सेंट्रिंगवाल्याची उचल कशातून देणार, ते आधी ठरव. पंप घेतल्यावर अडचणीत आलेले बरेच ठेकेदार मी पाहिले. त्यांना हप्ता जड नव्हता, खेळतं भांडवल आटलं होतं.

भाचा : यातून वाट नाही?

आत्या : एक म्हणजे लीज. तिथे यंत्राची मालकी लीज कंपनीची. खरेदीवरचा जीएसटी ती भरते, तू दर महिन्याच्या भाड्यावर भरतोस. म्हणजे कर एकदम न जाता भाड्याबरोबर थोडाथोडा जातो. पण मालकी तुझी नसल्याने घसारा तुला मिळत नाही. भाडं मात्र खर्चात धरता येतं. मुदतीनंतर यंत्र कुणाचं, किती रुपयांत, हे करारात लिहून घ्यायचं. तोंडी आश्वासनाला तिथे किंमत नाही.

भाचा : आणि घसारा म्हणजे किती?

आत्या : यंत्रसामग्रीला १५ टक्के, घटत्या किमतीवर. जीएसटीचं क्रेडिट घेतलंस तर ४० लाखांवरच. पहिल्या वर्षी ६ लाख. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी निम्माच. म्हणून ऑक्टोबर उजाडायच्या आत यंत्र नुसतं दारात नको, कामाला लागलेलं हवं. पावसाळा सरतानाचा तोच मुहूर्त कामालाही चांगला.

भाचा : व्याज मात्र स्वस्त मिळतंय. सात टक्के! बँक अकरा म्हणत होती.

आत्या : सात फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

भाचा : फ्लॅट.

आत्या : मग कॅल्क्युलेटर काढ. ३२ लाख, सात टक्के, चार वर्षं. व्याज किती?

भाचा : ८ लाख ९६ हजार. मुद्दलासकट ४० लाख ९६ हजार. ४८ हप्ते... एक हप्ता ८५ हजार ३३३.

आत्या : आता बँकेचे अकरा टक्के घटत्या शिलकीवर धरलेस तर हप्ता येतो साधारण ८२ हजार ७००. म्हणजे सातवाला अकरावाल्यापेक्षा महाग. चार वर्षांत सव्वा लाखाचा फरक.

भाचा : असं कसं?

आत्या : फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण ३२ लाखांवर लागतं. त्या वेळी तुझ्याकडे मुद्दल उरलेलं असतं जेमतेम एका हप्त्याइतकं. घटत्या शिलकीच्या भाषेत तुझे सात टक्के म्हणजे जवळजवळ १२.७ टक्के. त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, दोन हप्ते आगाऊ असं काही असेल तर आणखी वर. म्हणून तोंडी दर ऐकायचाच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांनाही ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक केलंय. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्या एका आकड्यावर करायची.

भाचा : समजा दोन वर्षांत पैसे आले आणि कर्ज आधीच फेडलं तर?

आत्या : तेही त्याच कागदात बघ. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या कर्जांवर सूक्ष्म-लघु उद्योगांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावण्यावर रिझर्व्ह बँकेने बरेच निर्बंध आणलेत. पण यंत्राची कर्जं बहुतेक ठरावीक दराची असतात. तिथे करारातला दंड लागू. तो सही करण्याआधी कमी करून घ्यायचा असतो.

भाचा : बँकेकडे जायचं तर ती घर तारण मागते. कुणीतरी म्हणालं, सरकारी हमीची योजना आहे, तारण लागत नाही.

आत्या : सीजीटीएमएसई. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली उभारलेला ट्रस्ट. एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा १० कोटींपर्यंत आहे. उद्यम नोंदणी केलेल्या तुझ्यासारख्यासाठी ती विचारावीच. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. पंप बँकेकडे गहाण राहतोच, फक्त घरादाराचं वेगळं तारण टळतं. दुसरी अशी, की ती हमी बँकेला असते, तुला नाही. तू बुडालास तर ट्रस्ट बँकेची भरपाई करतो, तुझ्याकडची वसुली थांबत नाही. तिची वार्षिक फीही बहुतेक तुझ्याच माथी येते.

भाचा : बरं. म्हणजे बँकेकडून घटत्या शिलकीच्या दराने, हमी योजनेत घ्यायचं. ठरलं!

आत्या : ठरलं नाही. खरा प्रश्न आपण अजून विचारलेलाच नाही. महिन्याला काँक्रीट किती ओततोस?

भाचा : तीन साईट चालू आहेत. महिन्याला सहा स्लॅब, एकेक साधारण ७० घनमीटर. राफ्ट-फूटिंग धरून ५०० घनमीटर.

आत्या : आता मांड. हप्ता ८५ हजार धरू. ऑपरेटर आणि पाइपलाइनवरची पोरं मिळून ६० हजार. विमा आणि या साईटवरून त्या साईटवर नेण्याचा खर्च १५ हजार. एकूण?

भाचा : १ लाख ६० हजार.

आत्या : हा खर्च पंप उभा राहिला तरी होणार. वर डिझेल आणि झिजणारे भाग. एस-व्हॉल्व्ह, कटिंग रिंग, वेअर प्लेट, सिलिंडरमधले रबरी पिस्टन, शिवाय १२५ मिलिमीटरचे पाइप. खडी-वाळू दिवसभर घासत जाते, त्यामुळे हे सगळं झिजतंच. बेंड बाहेरच्या अंगाने आधी पातळ होतो आणि ऐन स्लॅबमध्ये फुटतो. घनमीटरला ६० रुपये धरू. भाड्याच्या पंपाला काय देतोस?

भाचा : सगळं धरून २२० च्या घरात.

आत्या : म्हणजे स्वतःच्या पंपाने घनमीटरमागे १६० रुपये वाचणार. १ लाख ६० हजार भागिले १६०.

भाचा : हजार घनमीटर.

आत्या : दर महिन्याला, पावसाळ्यातसुद्धा. म्हणजे ७० घनमीटरचे चौदा-पंधरा स्लॅब. तुझे सहा. ५०० घनमीटरवर दर महिन्याला ८० हजारांचा खड्डा. दर अकराचा साडेदहा केलास तरी हप्त्यात हजाराचाही फरक पडत नाही. घनमीटर दुप्पट झाले तर खड्डा बुजतो. फायनान्सवाल्याशी अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करणारे खूप भेटतात, हा भागाकार करणारा क्वचित.

भाचा : उरलेल्या दिवसांत मी भाड्याने दिला तर?

आत्या : देता येईल. पण मग तू आणखी एका धंद्यात उतरलास. एका वेळची किमान रक्कम ठरवावी लागेल, उधारी वसूल करावी लागेल. दुसऱ्याच्या साईटवर लाईन चोक झाली की भांडण तुझ्या दारात. कमी बारीक कणांचा, धारदार खडीचा माल त्याने मागवला, आधी सिमेंटची स्लरी न सोडताच पंप सुरू केला, की पाइपात दगड झालाच म्हणून समज. पाइप उघडून हातोड्याने ठोकत बसणार तुझी पोरं. आणि आज तुझा पंपवाला अकराला का उगवतो? आदल्या साईटवर अडकलेला असतो म्हणूनच. तूही तसाच अडकशील.

भाचा : मग मित्राबरोबर भागीदारीत? त्याचीही चारशे-पाचशे घनमीटर आहेत.

आत्या : गणितात बसतं. पण सहकर्जदार म्हणून सही केलीस की त्याने हात वर केले तरी पूर्ण हप्ता तुझ्याकडून वसूल होतो. दोघांचे स्लॅब एकाच दिवशी आले तर पंप कुणाचा, हे लेखी हवं.

भाचा : जुना पंप?

आत्या : कर्ज मिळतं, पण मुदत कमी आणि दर जास्त. यंत्राचे तास बघ, प्रत्यक्ष काँक्रीट ढकलताना बघ, नुसत्या पाण्यावरच्या चाचणीला भुलू नकोस. आधीच्या फायनान्स कंपनीचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस.

भाचा : म्हणजे एकूण घेऊच नको म्हणतेस.

आत्या : आज घेऊ नको. आज वेगळं कर. तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसीवाल्याकडे पंपासकट आणि पंपाविना असे दोन दर लेखी माग. आत्ता तो पंपाचे किती लावतो, ते कळेल. मग एका पंपवाल्याशी वर्षाचा करार कर. महिन्याला ५०० घनमीटरची खात्री तू दे, वेळेत न आल्यास कपातीची अट तो मान्य करेल. तुझी मूळ अडचण वेळेची होती. ती एक रुपया कर्ज न काढता सुटते.

भाचा : आणि कामं वाढली तर?

आत्या : हातात लेखी वर्क ऑर्डर असलेलं काम सलग वर्षभर महिन्याला हजार घनमीटरच्या वर दिसलं, की बेलाशक घे. त्या वेळी तीन गोष्टी मागून घ्यायच्या. पावसाळ्यातले हप्ते लहान आणि नोव्हेंबर ते मे मोठे, अशी रचना. बिल्डरचं रनिंग बिल सुटायला साठ दिवस लागत असतील, तर पहिला हप्ताही तितकाच पुढे. आणि ठेकेदारांच्या यंत्रांसाठीची सीपीएम विमा पॉलिसी, तीही फायनान्सवाला गळ्यात मारेल ती नव्हे, आपण दर तपासून घेतलेली. करारातलं ताबा घेण्याचं कलमही वाच. यंत्र उचलण्याआधी किती दिवसांची नोटीस, विकण्याआधी शेवटची संधी कशी, हे त्यात असायलाच हवं.

भाचा : फायनान्सवाला म्हणतोय, ऑफर या महिन्यापुरतीच आहे.

आत्या : त्याचं टार्गेट या महिन्यापुरतं असतं, तुझा हप्ता ४८ महिन्यांचा. पुढच्या बारा महिन्यांच्या वर्क ऑर्डरी काढ आणि घनमीटरची बेरीज कर. बारा हजारांच्या खाली आली तर पंप भाड्यानेच आण.