गोड मक्याचं कणीस: पारख, साठवण आणि स्वयंपाक



मागच्या श्रावणात आमच्या गटातल्या दोघींनी ५,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं आणि देवळाच्या वाटेवर स्वीट कॉर्नचा गाडा लावला. पहिल्या सोमवारी पहाटे तोडलेली १०० कणसं नेली, ती दुपारपर्यंत संपली. दुसऱ्या सोमवारी गर्दी जास्त होणार म्हणून त्यांनी शनिवारीच २०० कणसं आणून, पोत्यात भरून खोलीत ठेवून दिली. सोमवारी गिऱ्हाईक एक घास खाऊन म्हणालं, "ताई, मागच्या वेळची गोडी नाही यात." त्या दिवशी ६५ कणसं उरली. ती म्हशींना घातली. कणीस ८ रुपयांनी घेतलेलं, म्हणजे ५२० रुपये तिथंच गेले, आणि त्या महिन्याचा हप्ता घरातून भरावा लागला.

बैठकीत प्रश्न निघाला: शेत तेच, वाण तोच, मग बिघडलं कुठं? त्याचं उत्तर म्हणजे हा पाठ.

गोडी जाते कुठं?

साधा मका आपण वाळवून ठेवतो, दळतो. गोड मका मात्र कोवळ्या, दुधाळ दाण्यासाठी लावतात. त्या दाण्यात साखर भरपूर असते. पण कणीस तोडलं तरी ते काही तास-दिवस जिवंतच असतं. ते श्वास घेतं, त्यात साखर खर्च होते आणि उरलेल्या साखरेचं हळूहळू पिठूळ सत्त्व बनतं. म्हणून शिळं कणीस आधी फिकं लागतं, मग चिवट.

हे काम उष्णतेत पळतं आणि थंडीत मंदावतं. जुन्या गोड वाणांत ३० अंश उष्णतेला एका दिवसात निम्म्याहून जास्त साखर जाऊ शकते. बर्फाजवळच्या थंडीत तीच घट फार थोडी असते. हल्लीच्या जास्त गोड संकरित वाणांत गोडी जरा जास्त टिकते, पण उन्हात आणि ढिगात तीही जातेच.

आता पोत्याचं बघा. कणसं श्वास घेतात, त्यातून ऊब तयार होते. पोत्यात दाबून भरली की ती ऊब बाहेर पडत नाही. रात्रभर ठेवलेल्या पोत्यात मधोमध हात घाला, गरम लागेल. आमच्या दोघींची कणसं दोन दिवस अशी शेकत होती.

कणीस पारखायचं कसं?

१. केस बघा. कणसाच्या शेंड्याचे केस तपकिरी, सुकलेले हवेत, पण सालीच्या आत किंचित ओलसर. केस पांढरट-हिरवे असतील तर कणीस कोवळं.

२. साल बघा. ती हिरवीगार आणि घट्ट बसलेली हवी. पिवळी, सुकी साल म्हणजे कणीस जून किंवा शिळं.

३. देठ बघा. तोडलेली जागा ओलसर, फिकट असेल तर कणीस ताजं. तपकिरी, सुकलेली असेल तर एक-दोन दिवस झालेले.

४. मुठीत धरून दाबा. शेंड्यापर्यंत भरीव लागलं पाहिजे. बाहेरूनच दाणे चाचपता येतात, प्रत्येक कणीस सोलू नका. सोललेलं कणीस लवकर सुकतं.

५. ढिगातल्या एका-दोन कणसांवर नखाची परीक्षा करा. दाण्याला नख लावल्यावर दुधासारखा रस उडाला तर बरोबर. पाण्यासारखा निघाला तर कोवळं, पिठूळ घट्ट निघाला तर जून.

शेंड्याला अळी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचं खाता येतं. पण अळीसाठी फवारणी झाली होती का आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पाळले का, हे शेतकऱ्याला जरूर विचारा.

घरच्या शेतात लावणार असाल तर

केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २४ दिवसांत कणीस तोडणीला येतं. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. तोडणी पहाटेच करा, तेव्हा कणीस थंड असतं.

सगळं रान एकाच दिवशी पेरू नका. ८ ते १० दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरा, म्हणजे सगळी कणसं एकदम येऊन पडत नाहीत. शेजारी साधा मका असेल तर त्याचे परागकण उडून आपल्या कणसात पिठूळ दाणे भरतात. त्यासाठी पाव किलोमीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर दोन-तीन आठवडे पुढं-मागं पेरा. आणि रंग लावलेलं उरलेलं बियाणं कधीही खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. त्याला औषध चोळलेलं असतं. कणसं काढल्यावर उरलेला हिरवा कडबा मात्र जनावरांना उत्तम.

साठवायचं कसं?

फ्रीज नसेल तर: कणसं सालीसकट ठेवा. सावलीत, वाऱ्याच्या जागी, टोपलीत किंवा जमिनीवर एक-दोन थरच पसरा. वरून ओलं गोणपाट टाका आणि ते सुकू देऊ नका. तरीही त्याच दिवशी संपवायचा हिशेब ठेवा.

फ्रीज असेल तर: सालीसकट पिशवीत घालून ठेवा. दोन-तीन दिवसांत खाल्लं तर चव राहते.

डीप फ्रीजर असेल तर: सोललेली कणसं उकळत्या पाण्यात ४ मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात बुडवा, दाणे सुरीने काढा, पाणी निथळून छोट्या पिशव्यांत भरा. हे दाणे कित्येक महिने चालतात. वीज वारंवार जात असेल तर या भानगडीत पडू नका.

एक ताकीद. दाणे उकळून, बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून घरी ठेवू नका. मका आंबट नसतो, आणि हवाबंद बाटलीत जीवघेणं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. लोणच्याचा नियम इथं चालत नाही.

शिजवायचं कसं?

उकडून: पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग सोललेली कणसं सोडा. ताज्या कणसाला ५ ते ७ मिनिटं पुरे. जास्त शिजवलं की दाणा चिवट होतो. मीठ, लिंबू, तिखट नंतर लावा. गाड्यावर सकाळीच सगळी उकडून ठेवू नका, गिऱ्हाईक बघून थोडी-थोडी सोडा.

भाजून: निखाऱ्यावर, ज्वाळेवर नको. कणीस फिरवत राहा.

कणसाचा कीस: चार कणसं किसून घ्या. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, हिरवी मिरची यांची फोडणी करा. कीस घालून मंद आचेवर ५ मिनिटं परता. अर्धी वाटी दूध घाला, झाकण ठेवून ८ ते १० मिनिटं शिजू द्या, मधूनमधून हलवा. मीठ, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं घालून उतरवा. जरा जून झालेलं कणीसही यात खपून जातं. तसंच वडे आणि थालीपीठातही. म्हणजे उरलेली ६५ कणसं म्हशींना घालायची गरज नव्हती!

लहान बाळांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. वाटून किंवा किसून द्या. घरात साखरेचा आजार असलेलं कोणी असेल तर मका भाजीत मोजू नका. तो पोळी-भाताच्या जागी, मापात द्या.

पुढच्या बैठकीत करून बघा

एक कणीस आदल्या दिवशी दुपारी तोडून घरात ठेवा आणि एक बैठकीच्या सकाळी तोडा. दोन्ही एकाच भांड्यात उकडा, कुठलं कोणतं ते न सांगता सगळ्यांना चाखायला द्या. मग वहीत लिहा: कोणतं गोड लागलं? किती जणींना ओळखता आलं? आपल्या गावात पहाटे तोडलेलं कणीस किती वाजता बाजारात पोचू शकतं?

आमच्या दोघींनी यावर एवढंच केलं: शनिवारी आणायचं बंद केलं, शेतकऱ्याशी पहाटेच्या तोडणीचं ठरवलं, २०० ऐवजी १२० कणसं नेली आणि उरलीसुरली किसून वडे तळले. श्रावण संपायच्या आत चुकलेला हप्ता भरून निघाला. गाडा या वर्षीही लागणार आहे.