शरीराचा मूक निरोप

चैत्र-वैशाखातील दुपारी पनवेलच्या खांदा कॉलनीत ऊन रणरणत असते. खाडीकडील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. तो वाहतच राहतो, व त्यासोबत शरीरातील पाणीही जाते. तरीही शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या दप्तरातील पाण्याची बाटली पुष्कळदा भरलेलीच घरी येते. लघवीला जाण्याचा संकोच वाटतो, म्हणून कित्येक मुले पाणीच पीत नाहीत. हा संकोच घातक आहे. जवळच्याच खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या एका सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले.

शरीरातील पाणी घटू लागले म्हणजे शरीर एक निरोप धाडते. तो निरोप म्हणजे मूत्राचा रंग होय. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यांतील बहुतेक पाणी ती शरीराला परत देतात. केवळ एक-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडते. दुष्काळात शहाणा शेतकरी विहिरीचे पाणी जपून वापरतो, तद्वत पाण्याची तूट पडताच मूत्रपिंडेही पाणी राखून ठेवतात. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडून तयार झालेले पिवळे रंगद्रव्य मग थोड्याच पाण्यात मिसळते व मूत्र गडद दिसते. फिकट पिवळा रंग हे पुरेशा पाण्याचे लक्षण. गडद पिवळा रंग ही तहानेची हाक.

आपल्या वैद्यांनीही हा निरोप ओळखला होता. 'योगरत्नाकर' या ग्रंथातील अष्टविध परीक्षेत नाडीच्या जोडीने मूत्राचीही परीक्षा सांगितली आहे.

अर्थात प्रत्येक रंग रोगाचा नसतो. बीट खाल्ल्याने मूत्र लालसर होते. जीवनसत्त्वांच्या काही गोळ्यांनी ते झळझळीत पिवळे दिसते. परंतु पाणी पिऊनही रंग काळ्या चहासारखा राहिला व डोळे पिवळे दिसू लागले, तर ती कावीळ असू शकते. बीट न खाताही लाली दिसली, तर ते रक्त असू शकते. अशा वेळी लाज न बाळगता घरच्या माणसांस सांगावे व त्वरित डॉक्टरांकडे जावे.

शरीर आपला निरोप रोज देते. तो वाचण्यास पैसा लागत नाही. सायंकाळी रिकामी होऊन परतलेली पाण्याची बाटली हेच त्याचे उत्तम उत्तर होय.

स्वाध्याय
१. पाण्याची तूट पडली असता मूत्राचा रंग गडद का होतो?
२. कोणत्या वेळी डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे आहे?
३. 'हा संकोच घातक आहे', असे का म्हटले आहे?