परसातील हिवाळा : एक जमाखर्च

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने झाडापानांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु रोजच्या रोज नोंद करणे आणि महिनाअखेर नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे हे आमच्या शास्त्राचे पहिले पाऊल आहे, आणि निसर्गाच्या अभ्यासाची सुरुवातही तेवढ्यावर होते. कार्तिकापासून माघअखेरपर्यंत आमच्या घरामागील परसाची मी एका जुन्या वहीत रोजकीर्द ठेवली. जागा गुंठ्याहूनही कमी. तीत एक आंबा, एक शेवगा, पांढरा चाफा, मांडवावर पावटा, कुंड्यांत शेवंती आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू. येत्या उन्हाळ्यात तेथे एक खोली वाढवावी, असा विचार घरी चालू आहे. खोलीचा खर्च गवंडी मांडून देतो. तिच्यापायी जे जाईल त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीची शिल्लक : ओल

इंग्रजी वाचनमालेतील हिवाळा म्हणजे बर्फ, उघडी झाडे आणि निजलेली जमीन. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे थंडी बोचते, पण जमीन गोठत नाही. आपल्याकडे पाने झडतात ती मुख्यतः पाणी कमी पडू लागल्यामुळे. पावसाळ्यात मुरलेली ओल हे झाडांचे भांडवल, आणि हिवाळा हा ते पुरवून वापरण्याचा काळ होय. कार्तिकात खुरप्याने चार बोटे उकरले की ओल लागे. माघात वीतभर उकरावे लागले. पानांवाटे पाणी सतत हवेत जात असते. चाफ्याने पौषापर्यंत बहुतेक पाने टाकून हा खर्चच थांबवला.

शहराच्या पूर्वेकडील काळ्या रानात शाळू आणि हरभरा पिकतात तेही याच साठलेल्या ओलीवर. मार्गशीर्ष अमावास्येला आमचे कन्नड शेजारी ‘एळ्ळ अमावास्या’ करतात, उभ्या पिकात जाऊन पूजा करतात. लातूर, धाराशिवकडे हाच सण ‘वेळ अमावास्या’ म्हणून ओळखला जातो. भाषा बदलली तरी ओलीचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच.

सकाळी पानांवर दिसणारे सर्वच थेंब दवाचे नसतात. निरभ्र रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा थंड होतात आणि हवेतील बाष्प त्यांच्यावर जमते, ते दव. पण अळूच्या पानाच्या टोकाशी लोंबणारा टपोरा थेंब मुळांनी ओढलेल्या पाण्याचा असतो. हे पडताळण्यासाठी एका रात्री मी अळूच्या पानावर बादली पालथी घातली. सकाळी पानावर दव नव्हते, पण टोकाचा थेंब होताच. गवताच्या टोकांवरचे असे थेंब पौषात दिसेनासे झाले. अळूचे मात्र राहिले, कारण न्हाणीचे पाणी त्याला रोज मिळत होते.

रात्रीची लांबी

आपल्याकडे सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, सुमारे ११ तास १० मिनिटांचा. परंतु उदयास्ताच्या वेळा ओळीने मांडल्या की एक गंमत दिसते. सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सहाच्या सुमारास; आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सातनंतर. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. ती वाढ त्या वेळी संध्याकाळच्या खात्यावर जमा होत असते.

झाडेही हा हिशेब ठेवतात. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अनेक वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते. शेवंती आणि आपला गावठी पावटा रात्र मोठी होऊ लागली की फुलतात. आमच्या मागील दाराचा दिवा रात्रभर चालू असे. त्याच्या उजेडातील दोन कुंड्यांत शेवंतीला कळ्या आल्या तेव्हा अंधारातल्या कुंड्यांतील फुले उमलून गेली होती. दिवा आता झोपताना बंद होतो. विजेचीही बचत झाली.

मोहोर आणि पाहुणे

पौषात आंबा मोहरला, पण एकाच बाजूने. वही चाळल्यावर कारण सापडले. त्या बाजूची पालवी पावसाळ्यातली, पुरती जून झालेली; दुसऱ्या बाजूला मार्गशीर्षात तांबूस कोवळी पाने फुटली होती. आंब्याला मोहोर येण्यास जून झालेल्या फांद्या आणि थंड रात्री दोन्ही लागतात. एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, पण त्यांतील पुष्कळशी केवळ नरफुले. फळ धरते ते उभयलिंगी फुलांतील थोड्यांनाच. मोहोराची गळ पाहून हळहळू नये. ती बरीचशी नेहमीचीच. मात्र ढगाळ, धुकट हवेत भुरी बळावते आणि तुडतुडे मोहोराचा रस शोषतात. पानांवर चिकट थर व पुढे काळी बुरशी दिसली की तुडतुडे आले असे समजावे.

शेपटी सारखी वरखाली करणारा करडा धोबी हिमालयाकडून येतो आणि न्हाणीच्या ओलसर जागेत किडे टिपतो. माघात शहराबाहेर काटेसावर फुलली की तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. त्या तर मध्य आशियाकडून आलेल्या असतात. आमचे सांडपाणीदेखील कुणाच्या तरी प्रवासाच्या कामी येते!

अखेरची शिल्लक

शेजारच्या अज्जींना माझी वही ठाऊक आहे. त्या कुंपणापलीकडून विचारत, मी लिहून घेत असे : दव म्हणजे इब्बनि, शेवगा म्हणजे नुग्गे, पावटा म्हणजे अवरे. त्यांच्याकडे परस उरलेले नाही, फरशी आहे. नावे तेवढी त्यांना पाठ आहेत.

आता हिशेब. पावटा भोगीच्या भाजीत आला, शेवग्याच्या शेंगा शेजारी वाटल्या, अळूची भाजी महिन्यातून दोनदा झाली. याची बाजारभावाने रक्कम निघते, आणि ती मोठी नाही हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण आंब्याची सावली, धोब्याची ओली जागा आणि ओल धरून ठेवणारी माती यांना आमच्या ताळेबंदात रकाना नाही. रकाना नाही म्हणून किंमत शून्य ठरत नाही. घरी मी एवढेच सुचवले आहे की खोली मांडवाच्या बाजूला घ्यावी. मांडव दर वर्षी नवा घालता येतो. आंबा तसा नाही. निर्णय वडीलधारी मंडळी घेतील, पण वही त्यांच्यासमोर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपापल्या घरामागे काय आहे याची एका हिवाळ्यापुरती तरी नोंद ठेवून पाहा. परस नसेल तर एक कुंडीही पुरे. तारीख, ओल, फूल, पक्षी एवढे चार रकाने आखा, आणि नावे दोन्ही भाषांत लिहा.