दूध आटतं ते कशामुळे?

बाळंतपणाची रजा संपवून आई कामावर रुजू होते आणि दोन-तीन आठवड्यांत तक्रार सुरू होते, की दूध कमी झालं. घरचे म्हणतात, फार विचार करतेस म्हणून. कुणी अळीवाची खीर सुचवतं, कुणी शतावरी. थोड्याच दिवसांत दूध पावडरचा डबा घरात येतो आणि आपल्या अंगातच काही कमी आहे, अशी समजूत आईच्या मनात कायमची बसते. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ चोखतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध बनतं, ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध वेगाने बनतं, भरलेलाच राहिला की वेग मंदावतो. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या बाईचे स्तन अकरा तास रिकामे होत नाहीत. पहिले काही दिवस स्तन ठणकतात, ब्लाउज ओला होतो, कधी गाठ धरून थंडी-ताप भरतो; मग शरीर हिशोब जुळवून घेतं आणि उत्पादनच कमी करतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की नोकरदार आईचं दूध आटण्याचं कारण आधी तिच्या कामाच्या तासांत शोधावं, तिच्या प्रकृतीत नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे अंगावर पाजावं. आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, म्हणजे सहा महिने पुरे झाले असं वाटतं. पण या 26 पैकी 8 आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, रोजचा लोकल किंवा बसचा प्रवास झेपत नाही, म्हणून जिने ती आठही आठवडे घेतली तिच्या हाती नंतर 18 उरतात. ती कामावर येते तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं. तिसऱ्या खेपेला तर रजाच 12 आठवड्यांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 दरम्यान, सहा महिन्यांखालच्या मुलांपैकी 63.7 टक्के निव्वळ आईच्या दुधावर होती. बाकीच्यांच्या आया सगळ्याच नोकरीवाल्या नव्हेत, पण ज्या आहेत त्यांची अडचण औषधाने सुटणारी नाही. यात आईच्याही तब्येतीचा प्रश्न आहे. 30 देशांतले 47 अभ्यास एकत्र करून 2002 साली निष्कर्ष निघाला, की अंगावर पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो. त्यामुळे पाजायला मिळणारा वेळ हा बाईच्या स्वतःच्या आरोग्याचा हक्क आहे. बाळासाठी तिला दिलेली सवलत म्हणून त्याकडे पाहू नये.

कायद्याला हे कळलेलं आहे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी द्यायची, ही तरतूद 1961 पासून आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. नेमणुकीच्या वेळीच ही माहिती तिला लेखी द्यायची असते. प्रत्यक्षात काय दिसतं? दाराला कडी असलेली खोली नाही, म्हणून बाई स्वच्छतागृहात उभ्याने दूध पिळते आणि ते बेसिनमध्ये सोडून देते. जिथे आपण जेवणाचा डबा उघडणार नाही, तिथे बाळाचं अन्न काढायला लावणं हे साध्या स्वच्छतेलाही धरून नाही.

आक्षेप ठरलेले आहेत. आमच्या आज्या शेतात राबल्या, त्यांना कुठे सुट्टी होती? खरं आहे, पण बांधावरच्या झाडाला झोळी बांधलेली असे आणि मूल रडलं की आई शंभर पावलांत पोचत असे. आज तेच अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं झालं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळा खर्च मालकावर टाकला तर तो बायकांना नोकरीच देणार नाही. ही भीती खोटी नाही, लहान उद्योगात ती रास्तही आहे. पण त्यावरचं उत्तर 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात दिलं गेलं होतं. प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा. मात्र स्त्रियांच्या कामातून फायदा घेणारा मालकही पूर्ण सुटू शकत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजही रजेतले पैसे विमा निधीतून येतात. ही वाट रुंद करायला हवी, विशेषतः घरकाम आणि बांधकाम करणाऱ्या बायकांसाठी, कारण त्यांच्यापर्यंत यातलं जवळपास काहीच पोचत नाही. बापाच्या रजेचंही तसंच आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, खाजगी नोकरीत कायद्याने काही नाही. मग रात्री उठायचं एकटीने आणि सकाळी गाडी पकडायची तीही तिनेच.

हे बदलेपर्यंत आईच्या हातात आहे ते असं. रुजू होण्याआधी दोन आठवडे हाताने किंवा पंपाने दूध काढण्याची सवय करा. कामावर दर तीन-चार तासांनी काढा. उकळून घेतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ते 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका, बर्फाची पिशवी ठेवा. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. देताना उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. भांडं कोमट पाण्यात धरा आणि बाळाला वाटी-चमच्याने पाजा. स्तनात गाठ, लाली, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं थांबवू नका. दूध बाळाला बाधत नाही, साचलं तर मात्र गळू होण्याची भीती असते.

आणि रजा संपायच्या महिनाभर आधी कार्यालयाला लेखी अर्ज द्या. दोन सुट्ट्यांच्या वेळा त्यात लिहा, पाळणाघराची सोय विचारा, अर्जाची पोच घ्या. अर्ज ज्यांच्या टेबलावर येईल त्यांच्याकडे मागणं छोटंच आहे. एक खोली, तिला आतून कडी, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि फ्रीजमध्ये एक कप्पा, एवढं पुढच्या महिन्याच्या आत करून द्या.