टाकी आपल्या डोळ्यांनी बघ

खडकी, पुणे

चि. राणीस,


पुढच्या आठवड्यात बारामतीहून एकटीने सोलापूरपर्यंतच्या लांब उड्डाणावर निघणार, हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर राहून गेलेलं आता लिहितो.

इथल्या 512 आर्मी बेस वर्कशॉपात लष्करी गाड्यांची इंजिनं खोलण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. इंजिन बंद पडलं की लोक आधी इंजिनावर संशय घेतात. पुष्कळदा त्याच्यापर्यंत तेलच पोचलेलं नसतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2011 ते 2015 मधले छोट्या विमानांचे अपघात पाहिले. इंधनाच्या गैरव्यवस्थेचे दरवर्षी सरासरी 50 हून जास्त, आणि त्यांतल्या 95 टक्क्यांत वैमानिकाची चूक होती.

तुझ्या सेसना 152 मध्ये साध्या टाक्या असतील तर जेमतेम 98 लिटर मावतं, त्यातलं 93 च्या आसपास कामाचं. काट्यावर विसंबू नकोस. शिडी लाव, पंखावर झाकण उघड, डिपस्टिक स्वतः बुडव. मग खालच्या ड्रेनमधून नमुना घे आणि उजेडात धर. 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर दिसतं, पाणी तळाशी वेगळं बसतं. सगळाच नमुना रंगहीन निघाला तर ‘स्वच्छ आहे’ म्हणून खूश होऊ नकोस. ते सगळं पाणीही असू शकतं. पावसाळ्यात झाकणाच्या सैल रबरातून पाणी आत जातं, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही.

हवेत गेल्यावर लिटर विसर, घड्याळ बघ. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. वीस नॉटचा वारा पाठीशी असला तर सोलापूर पाऊण तासात येईल, परतीला मात्र सव्वा तास धर. जाताना कमी लागलं म्हणून येताना तेवढंच लागेल, हा हिशेब घात करतो. नियमाचा राखीव साठा असतोच, पण माझ्या शब्दाखातर उतरताना टाकीत पूर्ण तासाचं तेल असू दे. कमी पडतंय असं वाटलं तर वाटेतल्या धावपट्टीवर उतर. त्यात कसलाही कमीपणा नाही.

गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये अशाच छोट्या विमानात गेला. टाकी बदलायचा खटका त्याच्या डाव्या खांद्यामागे होता, आणि तेल कमी असूनही त्याने उड्डाणाआधी भरून घेतलं नव्हतं. तुझ्या विमानात चालू-बंद एवढाच खटका आहे. पुढे सेसना 172 वर गेलीस की डावी, उजवी, दोन्ही असे पर्याय येतील. जमिनीवर उभ्या विमानात डोळे मिटून हात तिथे जाईपर्यंत सराव कर.

आणि तरीही इंजिन थांबलंच, तर आधी नाक खाली, वेग 60 नॉट. मग शेत निवड. त्यानंतरच कार्ब्युरेटर हीट, इंधनाचा खटका, मिक्श्चर, मॅग्नेटो. उड्डाण करताच बंद पडलं तर कमी उंचीवरून धावपट्टीकडे वळायचा मोह टाळ, समोरच उतर. जुलै 2022 मध्ये बारामतीचंच एक 152 इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं होतं. आत एकटी असलेली बावीस वर्षांची मुलगी वाचली. त्या भागात उभा ऊस टाळ, विजेच्या तारा आणि विहिरी हेर. ओल्या काळ्या रानात चाक रुतून विमान उलटतं, म्हणून शक्यतो मुरमाड माळ गाठ.

निघण्याआधी तुझ्या इन्स्ट्रक्टरांसमोर बसून प्रत्येक टप्प्याची वेळ आणि तेल कागदावर मांड. त्यांची सही घे आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव.

तुझा,
काका