पपनस

भाद्रपद महिना आला, की गणपतीच्या पूजेची फळे बाजारात मांडली जातात. टेमघरच्या मुलाने अशा वेळी भिवंडीच्या बाजारात फेरी मारली, तर केळी-पेरूंच्या शेजारी नारळाएवढे, हिरवट-पिवळे फळ त्याच्या दृष्टीस पडते. हेच पपनस. पूजेत त्यास मान मिळतो. पण पुढे अनेक घरी ते ‘कडू’ म्हणून कोपऱ्यात पडून राहते. हा दोष फळाचा, की आपल्या उतावळेपणाचा?

लिंबूवर्गातील सर्वांत मोठे फळ पपनस होय. त्याचे कूळही थोर आहे. पपनस व संत्रे यांच्या संकरातून मोसंब्याची जात निर्माण झाली. आणि अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस व तीच गोड जात यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट जन्मास आले.

पपनसाचा रस आंबटगोड असतो. कडूपणा मुख्यतः सालीखालच्या पांढऱ्या, कापसासारख्या थरात व फोडींवरील पापुद्र्यात असतो. म्हणून प्रथम फळ धुऊन देठाकडील टोक कापावे. सालीला उभ्या चिरा देऊन ती पांढऱ्या थरासह सोलावी. मग फोडी सुट्या कराव्या, प्रत्येकीचा पापुद्रा व बिया काढाव्या आणि आतील गर दाणे न चिरडता मोकळा करावा. वर चिमूटभर मीठ व थोडी साखर भुरभुरावी. ओले खोबरे व हिरवी मिरची घातल्यास उत्तम कोशिंबीर होते. सालही टाकाऊ नाही. दोनतीनदा पाणी बदलून ती उकळावी व साखरेच्या पाकात मुरवावी.

गर मात्र आयत्या वेळी काढावा. कारण उष्णतेने व हवेने त्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटते. या जीवनसत्त्वाअभावी हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा लवकर भरत नाहीत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी दीर्घ सफरीवरील असंख्य खलाशी त्यास बळी पडत. १७४७ साली जेम्स लिंड या वैद्याने जहाजावरील १२ रोग्यांवर सहा निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांस संत्री व लिंबू दिले, ते सर्वांत आधी सुधारले. तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडले. उपाय हाती असूनही तो अंगीकारण्यास माणसाने जवळजवळ पन्नास वर्षे घालविली!

एक सावधगिरी मात्र पाळावी. ग्रेपफ्रूट व पपनस यांमुळे काही औषधांचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढतो. घरी कोणी नित्य औषध घेत असल्यास त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

जे फळ आपण देवापुढे आदराने ठेवतो, ते घरात वाया जाऊ देणे बरे नव्हे. थोडा धीर धरून पापुद्रा दूर केला, तर आतला गोडवा आपलाच आहे.

स्वाध्याय
१. पपनसाचा कडूपणा कोठे असतो? तो कसा टाळावा?
२. गर आयत्या वेळी का काढावा?
३. लिंडच्या प्रयोगाची माहिती पाच ओळींत लिहा.